लेकराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

विनिपेगच्या इस्पितळात जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचा एक मुलगा होता. जन्म १९९९ चा. आईवडील नॉर्वे हाउसचे. विनिपेगहून उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर क्री लोकांची ती वस्ती आहे. एक दुर्मीळ आजार घेऊनच तो जन्मला होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून इस्पितळाची खाट हेच त्याचं घर. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता याला इथे ठेवायची गरज नाही, घरात नीट देखभाल झाली की पुरे. इस्पितळापासून जवळच एक कुटुंब त्याला सांभाळायला तयारही होतं. सगळं जुळलं होतं. अडलं ते एवढ्यावरच, की पैसे कोणी द्यायचे?

मूल रिझर्व्हवरचं, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरचं; तेव्हा मॅनिटोबा प्रांत म्हणे, केंद्राने द्यावेत. आरोग्य आणि बालकल्याण हे प्रांतांचे विषय. तेव्हा केंद्र म्हणे, प्रांताने द्यावेत. दोन वर्षांहून जास्त काळ फायली फिरत राहिल्या. एकेका वस्तूवर खल झाला, न्हाणीघरात बसवायच्या शॉवरचे पैसे कोणी भरायचे यावरसुद्धा. २ फेब्रुवारी २००५ ला जॉर्डन इस्पितळातच गेला. पाच वर्षांचा होता. कोणाच्याही घरात तो एक रात्रही झोपला नव्हता.

ही गोष्ट सांगताना एक बारकावा नेहमी गळतो. जॉर्डनच्या आईवडिलांनी त्याला कागदोपत्री बालकल्याण खात्याच्या ताब्यात दिलं होतं. हेळसांड झाली, मारहाण झाली, असं काही नव्हतं. पण मूल आईबापांचं असेपर्यंत त्याच्या उपचारांचा खर्च बसेल असं खातंच सरकारकडे नव्हतं. आईबापांनी ताबा सोडला, की खातं उघडत होतं.

कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात क्रूर माणसं पुष्कळ भेटतात आणि दयाळू माणसं त्याहून जास्त. मुलं गेली ती दोघांच्याही हातून. पैशाचा नळ कुठल्या खोलीत उघडतो ते पाहावं, मूल कुठल्या खोलीत नेलं जाणार ते कळतं. मला तरी हा सगळा इतिहास त्या नळाच्या मागोमाग गेलं तरच समजतो.

आधी शब्दाचं थोडं बघू. तिथल्या कायद्यात या लोकांना ‘इंडियन’ म्हणतात. कोलंबसाची चूक १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये जाऊन बसली आणि अजून तिथेच आहे. लोक स्वतःला क्री, ओजिब्वे, शुश्वाप म्हणतात, एकत्र म्हणायचं तर फर्स्ट नेशन्स. मेटी आणि इनुइट हे आणखी दोन वेगळे समाज. जुन्या सरकारी कागदांत ‘इंडियन मुलं’ असं वाचताना मराठी वाचक क्षणभर दचकतो. ते दचकणं अगदीच वायफळ नाही. त्याच साम्राज्याने आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी करून सुधारगृहात ठेवायची सोय करून घेतली. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा ज्यांच्या घरच्या आठवणींत आहेत, त्यांना पुढची गोष्ट परकी वाटू नये.

कॅनडाची घटना १८६७ ची. तिने इंडियन लोक आणि त्यांच्या जमिनी केंद्राकडे दिल्या, तर शिक्षण, इस्पितळं, अनाथालयं, दानधर्म हे सगळं प्रांतांकडे. कागदावर ही वाटणी नीटस दिसते. मग इंडियन लेकरू कोणाचं? पुढची सगळी रड या एका फटीतली.

सुरुवातीला केंद्राने ती फट निवासी शाळांनी बुजवली. १८८३ पासून सरकारी पैशाने आणि चर्चच्या हातांनी त्या उभ्या राहिल्या. मुलं आईबापांपासून लांब ठेवायची, त्यांची भाषा तोडायची, नाव बदलायचं. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली आणि शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक सरत आलं. या शाळांवर आता बरंच लिहिलं गेलंय, म्हणून मी इथे फक्त त्यांची हिशेबवही उघडतो. १८९२ पासून अनुदान डोईवर मिळू लागलं, जितकी मुलं तितके पैसे. मग शाळा आजारी मुलंही भरून घेऊ लागल्या, कारण रिकामी खाट म्हणजे तोटा. क्षयाचा खोकला लागलेलं पोर आणि धडधाकट पोर शेजारी शेजारी झोपत. १९०७ साली डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रेअरी भागातल्या शाळा तपासल्या. ज्या १,५३७ विद्यार्थ्यांची माहिती मिळाली, त्यांतले जवळजवळ एक चतुर्थांश मेलेले होते. ब्राइसने उपाय सुचवले, खात्याने ते खर्चिक म्हणून बाजूला ठेवले आणि यथावकाश ब्राइसलाही बाजूला ठेवलं. १९२२ मध्ये निवृत्त ब्राइसने स्वतःच एक पुस्तिका छापून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं.

दुसरं महायुद्ध संपलं. आदिवासी जवान युरोपात लढून परत आले होते आणि देशाला थोडी लाज वाटू लागली होती. इंडियन ॲक्टचा फेरविचार करायला संसदेची समिती बसली. १९४७ मध्ये समाजसेवकांच्या दोन राष्ट्रीय संस्था तिच्यापुढे गेल्या. म्हणणं अगदी रास्त होतं: गोऱ्या मुलांना ज्या सेवा मिळतात त्या इंडियन मुलांना का मिळू नयेत? यातल्या कोणाच्याही मनात पाप होतं असं मला वाटत नाही. १९५१ साली कायद्यात एक कलम आलं, आज ते ८८ वं आहे. त्याने प्रांतांचे कायदे रिझर्व्हवरही लागू केले आणि प्रांताच्या बालकल्याण अधिकाऱ्याला रिझर्व्हचं फाटक उघडं झालं.

फाटक उघडलं, पण तिजोरीचं काय? प्रांतांचं म्हणणं, इंडियन माणूस केंद्राची जबाबदारी, आम्ही फुकट का राबू? घासाघीस होऊन जे ठरलं त्याचा मथितार्थ असा, की मूल प्रांताच्या ताब्यात आलं की त्याचा खर्च केंद्र भरून देणार. घरात चूल पेटावी म्हणून मदत, आजारी आईला हाताखाली बाई, दारुड्या बापासाठी उपचार, छप्पर गळतंय तर पत्रा, यासाठी रिझर्व्हवर जवळजवळ काहीच नाही.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे आकडे बघा. १९५५ साली तिथे सरकारी ताब्यात ३,४३३ मुलं होती. त्यांत इंडियन किती? अंदाजे २९. एक टक्कासुद्धा नाही. १९६४ साली ताब्यातली इंडियन मुलं होती १,४४६, म्हणजे शंभरांतली चौतीस. नऊ वर्षांत एका प्रांतातल्या आदिवासी आया एकदम वाईट झाल्या असं मानायचं नसेल, तर बदललं काय होतं हे उघड आहे.

मूल उचलायला कारण काय लागे? शहरातून आलेली समाजसेविका घर तपासायची. किती खोल्या, किती खाटा, फडताळात काय. फडताळात डबे दिसले नाहीत तर अन्न नाही असं लिहिलं जाई. बाहेर वाळत घातलेला सामन मासा, सुकवलेली बेरी, हरणाचं मांस यांना तिच्या तक्त्यात रकाना नव्हता. मूल आजीकडे आहे? म्हणजे आईने टाकलं. आमच्याकडे कोकणात मे महिन्यात कुठल्याही आजीच्या घरी असा तक्ता घेऊन कोणी गेलं असतं, तर अर्धा गाव सरकारजमा झाला असता.

पॅट्रिक जॉन्स्टन या अभ्यासकाने १९८३ मध्ये या सगळ्यावर पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं. ब्रिटिश कोलंबियाच्या खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या एका बाईने त्याला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, की क्षुल्लक सबबींवर आम्ही रिझर्व्हवरून मुलं ‘स्कूप’ करत होतो. पातेल्यातून डावाने उपसावं तशी. जॉन्स्टनने तो शब्द उचलला आणि त्या काळाला ‘सिक्स्टीज स्कूप’ हे नाव पडलं. नावात साठचं दशक असलं तरी उपसा ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होता.

उपसलेली मुलं ठेवायची कुठे? काही निवासी शाळांत, काही फॉस्टर घरांत. फॉस्टर म्हणजे दिवसाचे ठरावीक पैसे घेऊन मूल सांभाळणारं कुटुंब. बाकीची दत्तक. सस्कॅचवान प्रांताने १९६७ मध्ये ‘ॲडॉप्ट इंडियन मेटी’ नावाची मोहीमच काढली. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जाहिराती, मुलांचे गोजिरवाणे फोटो, पत्ता, संपर्क साधा. मेटी बायकांनी त्यावर आवाज उठवला, कारण फोटोतलं मूल कोणाच्या तरी ओळखीचं असायचं. मॅनिटोबातून मुलं सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेली. केंद्राच्या नोंदीप्रमाणे १९६० ते १९९० या काळात अकरा हजारांवर ‘स्टेटस’ असलेली, म्हणजे सरकारी दप्तरात इंडियन म्हणून नोंदलेली, मुलं दत्तक गेली. नोंदीबाहेरचे आणि मेटी धरले तर आकडा वीस हजारांच्या पुढे जातो.

त्यांतली एक मार्शा ब्राउन मार्टेल, ऑन्टारियोच्या उत्तरेकडची. लहानपणी उचलली गेली, नंतर गोऱ्या कुटुंबात दत्तक गेली आणि वयात येता येता तेही घर संपलं. ती परतली तेव्हा भाषा विसरली होती. मोठेपणी तिने आपला इंडियन दर्जा शोधायला घेतला तर सरकारी दप्तरात तिच्या जन्मनावाची मुलगी मेलेली होती. तशी नोंदच होती. पुढे ती आपल्या वस्तीची प्रमुख झाली आणि २००९ मध्ये ऑन्टारियोतल्या अशा सगळ्यांच्या वतीने केंद्रावर खटला भरला.

त्या खटल्यात जे बाहेर आलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. केंद्र आणि ऑन्टारियो यांच्यात १९६५ मध्ये कल्याणसेवांचा करार झाला होता. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, खर्च केंद्र कसा भरून देईल. दुसरी, कुठल्याही वस्तीवर प्रांताची सेवा सुरू करण्याआधी त्या वस्तीशी बोलायचं. पहिलं कलम वर्षानुवर्षं बिनचूक पाळलं गेलं. दुसऱ्या कलमाखाली एकाही वस्तीशी बोलल्याचा पुरावा सरकारला दाखवता आला नाही. न्यायमूर्ती एडवर्ड बेलोबाबा यांनी १४ फेब्रुवारी २०१७ ला निकाल दिला, की सरकारने आपलं कर्तव्य मोडलं. त्याच वर्षी देशभरासाठी ८० कोटी डॉलरची तडजोड झाली. मेटी मुलं तिच्या बाहेरच राहिली.

पण कोर्टाच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, एका छोट्या वस्तीने उत्तर दिलं होतं.

ब्रिटिश कोलंबियात एन्डर्बी गावाजवळ शुश्वाप लोकांची स्पालमचीन नावाची वस्ती आहे. आज ती स्प्लॅट्सिन हे आपलं जुनं नाव लावते. लोक काहीशे. तिथली जवळजवळ एक अख्खी पिढी उचलली गेली होती. वस्तीचा नवा प्रमुख वेन ख्रिश्चन विशीतला तरुण होता. तोही लहानपणी भावंडांसह सरकारी ताब्यात गेलेला. परत आलेल्या त्याच्या एका भावाने पुढे आत्महत्या केली. ज्या गावात शेंबडं पोर दिसलं की लोक हसतात, त्या गावात पोरंच दिसेनाशी झाली तर प्रमुखाने कशाचं प्रमुखपण करायचं?

ख्रिश्चन आणि त्याच्या मंडळींनी इंडियन ॲक्ट काढून वाचला. त्यातलं ८१ वं कलम वस्तीच्या कौन्सिलला उपनियम करायची मुभा देतं. कशाचे? तर मोकाट गुरं, तण, रहदारी, मधमाश्या पाळणं, कोंबड्या पाळणं. साहेबाने इंडियन माणसाला केवढ्या कारभाराची अक्कल आहे असं धरलं होतं, ते या यादीतून कळतं. पण त्याच यादीत लोकांचं आरोग्य हा एक शब्दही होता. स्पालमचीनने त्या फटीत पाचर मारली. १९८० च्या जूनमध्ये त्यांनी उपनियम क्रमांक ३ मंजूर केला: वस्तीतल्या मुलांबद्दलचे निर्णय फक्त वस्तीच घेईल, मूल वस्तीत राहत असो की बाहेर.

मसुदा साधा होता. मुलाला हलवावं लागलं तर कुठे ठेवायचं याचा क्रम ठरलेला. आधी आईबाप, ते जमत नसेल तर वस्तीवरचे नातलग, मग दुसऱ्या वस्तीवरचे नातलग, मग इतर इंडियन घर. बाहेरचं गोरं घर सर्वांत शेवटी. मुलाचं मत विचारात घ्यायचं. आणि कौन्सिलचा निर्णय पटला नाही तर वस्तीच्या सभेत त्यावर दाद मागता येईल. आपल्याकडच्या जातपंचायतीचा धसका घेतलेल्या वाचकाच्या मनात इथे शंका येईल, यावी. गावच्या सभेत सगळंच न्यायाने चालतं असं कोण म्हणेल? पण सभेतला माणूस निदान त्या पोराला नावाने ओळखतो.

कायद्याने तेव्हा अशा उपनियमावर ओटावातल्या केंद्रीय मंत्र्याला चाळीस दिवस मिळत. तेवढ्यात त्याने नामंजूर केला नाही तर तो लागू. मंत्री जॉन मन्रो आधी नाहीच म्हणत होते. बरीच ओढाताण झाली आणि अखेर त्यांनी तो राहू दिला. केंद्राचा अडसर निघाला. प्रांताचा उरला; मुलं तर प्रांताच्याच ताब्यात होती.

मग निघाला तो ‘इंडियन चाइल्ड कॅराव्हॅन’. १९८० चा ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. तिथला हा सुगीचा सण, घरचे सगळे एका टेबलाशी जमतात. ती तारीख बरोबर धरून प्रिन्स जॉर्जहून गाड्या निघाल्या. वाटेत वस्त्यावस्त्यांवरून आणखी जोडल्या गेल्या, काही दुसऱ्या रस्त्यांनी येऊन मिळाल्या. आज्या होत्या, कडेवरची मुलं होती. प्रांतातल्या आदिवासी प्रमुखांच्या संघटनेने आणि तिचे नेते जॉर्ज मॅन्युएल यांनी पाठबळ दिलं होतं. ते स्वतः शुश्वापच. व्हँकुव्हरला पोचेपर्यंत माणसं सुमारे हजार झाली होती.

प्रांताच्या कल्याणमंत्री होत्या ग्रेस मॅकार्थी. तरुणपणी फुलांचं दुकान काढून वर आलेल्या, राजकारणात मुरलेल्या. शॉनेसी या बड्या लोकांच्या वसाहतीत त्यांचं घर. सोमवारी, ऐन सणाच्या दिवशी, मोर्चा कचेरीवर गेला नाही. तो त्यांच्या घरासमोर जाऊन उभा राहिला. मोर्च्यांत मुरलेल्या मराठी वाचकाला यातली चाल सांगायला नको. ज्या बायांच्या घरांत कोणीही केव्हाही शिरून फडताळं उघडत होतं, त्या आता मंत्रीणबाईंच्या दारात होत्या, आणि आत सणाचं जेवण.

त्यानंतर लगेच बाईंची आणि वेन ख्रिश्चनची भेट झाली. एक छोटा करार झाला: आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायचा स्पालमचीन कौन्सिलचा अधिकार प्रांत मानेल आणि मुलं परत आणायला मदत करेल. मोठा शब्दच्छल नाही, पानंच्या पानं नाहीत. मुलं परत येऊ लागली.

हे पाहून इतर वस्त्यांनीही तसेच उपनियम करून पाठवले. ओटावाने एकेक करून नामंजूर केले. एकदा फट दिसली, ती बुजवली. स्पालमचीनचा तेवढा वाचला.

मॅनिटोबात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९८२ च्या मार्चमध्ये प्रांताने आदिवासी मुलं प्रांताबाहेर दत्तक देणं थांबवलं आणि कुटुंब न्यायालयाचे न्यायाधीश एडविन किमेलमन यांना चौकशीला बसवलं. आदिवासी नेत्यांचे आरोप अतिशयोक्त असतील, असं पुष्कळांना वाटत होतं. किमेलमननी १९८१ साली प्रांताबाहेर दत्तक गेलेल्या प्रत्येक आदिवासी मुलाची फाईल मागवून वाचली. एकेक. त्यांच्या अहवालात संस्कृतीचा वंशसंहार हा शब्द आहे आणि तो पद्धतशीर, रोजच्या कामाच्या ओघात झाला असं ते म्हणतात. वर्षं सरली, पण मला अजून त्यांतलं ‘रोजच्या कामाच्या ओघात’ हेच जास्त टोचतं.

अल्बर्टात रिचर्ड कार्डिनल नावाच्या मेटी मुलाने १९८४ च्या जूनमध्ये आत्महत्या केली. सतरा वर्षांचा. चार वर्षांचा असताना उचलला गेल्यापासून चौदा वर्षांच्या आत सोळा फॉस्टर घरं आणि बारा वसतिगृहं, आसरागृहं, कोठड्या. एकूण अठ्ठावीस ठिकाणं. मागे एक डायरी राहिली. अलानिस ओबोमसाविन यांनी १९८६ मध्ये तिच्यावर माहितीपट केला. त्या अठ्ठावीस ठिकाणांपैकी प्रत्येकाचं बिल कोणीतरी वेळेवर भरलं होतं.

यानंतर सुधारणा झाली, असं म्हणायची पद्धत आहे. आदिवासींच्या स्वतःच्या बालकल्याण संस्था निघाल्या, आपली माणसं कामाला लागली. मग १९९० च्या सुमारास ओटावाने त्यांच्यासाठी अनुदानाचं सूत्र काढलं, ‘निर्देश २०–१’. त्यात गृहीतच धरलेलं की कुठल्याही वस्तीतली सहा टक्के मुलं ताब्यात असणार. मूल ताब्यात घेतलं तर त्याचा पूर्ण खर्च, डॉलर न् डॉलर, परत. मूल घरात राहावं म्हणून काही करायचं तर ठरावीक तुटपुंजी रक्कम, संपली की संपली. हात बदलले, नळ तिथेच राहिला. आता उचलणारी बाईसुद्धा गावचीच असायची आणि घरी जाऊन रडायची.

हे सूत्र ज्यांनी कोर्टात खेचलं त्या सिंडी ब्लॅकस्टॉक गिटक्सान समाजाच्या, आधी स्वतः समाजसेविका. त्यांची संस्था आणि फर्स्ट नेशन्सची राष्ट्रीय सभा यांनी २००७ च्या फेब्रुवारीत मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली: रिझर्व्हवरच्या मुलांना बालकल्याणासाठी इतर मुलांपेक्षा कमी पैसे मिळतात आणि हा वंशभेद आहे. सरकारचं स्वतःच्याच सहभागाने झालेलं २००० सालचं परीक्षण सांगत होतं, की दर मुलामागे तूट २२ टक्के. सरकारने मात्र वर्षानुवर्षं वाद घातला तो तांत्रिक मुद्द्यांवर: केंद्राची तुलना प्रांताशी होतेच कशी, पैसे देणं ही ‘सेवा’ आहेच कुठे? त्या काळात सरकारी लोक ब्लॅकस्टॉकबाईंचं फेसबुक पान चाळत बसले होते, हे २०१३ मध्ये देशाच्या गोपनीयता आयुक्तांनीच सांगितलं. एका बैठकीला त्यांना दारातच अडवलं होतं. त्याबद्दल न्यायाधिकरणाने वीस हजार डॉलर भरपाई दिली आणि बाईंनी ती मुलांच्या कामाला देऊन टाकली.

सुनावण्यांना एक कापडी अस्वल हजर असे, ‘स्पिरिट बेअर’. ज्या मुलांचा खटला त्यांच्यासाठी निदान एवढी एक जागा, असा त्यामागचा विचार. पुढे शाळांतली खरी मुलंही येऊन बसू लागली. अनुदान सूत्रांच्या परिशिष्टांवर वकील बोलतायत आणि समोर आठ-नऊ वर्षांची पोरं पाय हलवत ऐकतायत.

दरम्यान १२ डिसेंबर २००७ ला संसदेने एकमताने ‘जॉर्डनचं तत्त्व’ मंजूर केलं: मुलाला जे हवं ते आधी द्या, दोन सरकारांचं भांडण मागाहून मिटवा. एकमताने! मग खात्याने त्याची व्याख्या इतकी आवळली, की कित्येक वर्षं एकही मूल तिच्यात बसलं नाही.

२६ जानेवारी २०१६ ला निकाल लागला. न्यायाधिकरणाने म्हटलं, भेदभाव होतोय. आणि अनुदानाची रचनाच अशी आहे की मूल घरातून काढण्याला तीच चालना देते. त्यानंतरही आदेशांवर आदेश काढावे लागले. २०१९ मध्ये दर मुलामागे चाळीस हजार डॉलर भरपाईचा हुकूम झाला, सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात २,३०० कोटी डॉलरहून मोठ्या तडजोडीवर शिक्कामोर्तब झालं. तीन लाखांवर माणसं तिला पात्र आहेत. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी ७.७ टक्के होती; खासगी फॉस्टर घरांतल्या मुलांत ५३.८ टक्के.

नवा केंद्रीय कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याने मान्य केलं, की आपल्या मुलांबद्दल कायदे करायचा हक्क फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटींचा स्वतःचा आहे. कोणी देऊ केलेला नाही. क्वेबेकने आव्हान दिलं, ९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सस्कॅचवानमधल्या काउएसेस वस्तीने २०२१ च्या जून महिन्यात जुन्या निवासी शाळेजवळ बिनखुणेच्या ७५१ थडग्यांची शक्यता जाहीर केली आणि त्यानंतर बाराव्या दिवशी त्याच वस्तीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत मुलांच्या ताब्याचा करार झाला. दोन्ही बातम्यांना जागा होती तीच.

आणि स्पालमचीन? नव्या कायद्याखाली त्यांना नवा मसुदा करायची गरज पडली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र, प्रांत आणि स्प्लॅट्सिन यांनी करार केला, त्यात दहा वर्षांसाठी तेरा कोटी डॉलरहून जास्त रक्कम धरली आहे, मुलं घरात राहावीत यासाठीचीही. ज्या कायद्यासाठी हे पैसे आले तो १९८० चाच, उपनियम क्रमांक ३, मधमाश्या आणि कोंबड्यांच्या कलमाखाली केलेला.